आत्याने जोडलेला हात

त्या बंदरावर मला राहायचंच नव्हतं. पुढच्या बेटावर जाणारी फेरी तिथून सुटते, म्हणून उतरायचं, धक्क्यावरच्या शेडमध्ये तासभर बसायचं आणि दुसऱ्या बोटीत चढायचं, एवढाच माझा त्या गावाशी संबंध. पण आमची बोट धक्क्याला लागली तेव्हा पाण्याला जोर होता. मागच्या लोकांनी रेटा दिला. माझा एक पाय दगडी पायरीवर पडला, दुसरा बोटीतच राहिला, आणि घाबरून मी बोटीचा कठडा उजव्या हाताने घट्ट धरून ठेवला. लाट ओसरली तशी बोट खाली गेली. हात तिच्याबरोबर गेला, मी पायरीवर राहिलो. ओल्या फळीतून खिळा उपटावा तसा आवाज खांद्यातून आला.

शेडमधून एक माणूस धावत आला. साठीकडे झुकलेला, रुंद छातीचा. फेऱ्यांच्या वेळा ओरडून सांगायचं काम त्याचं. गावात त्याला भोंगा म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्याने माझ्या खांद्याकडे एकदाच पाहिलं.

"निखळलाय," तो म्हणाला.

"डॉक्टर कुठे आहे?"

"डॉक्टर पलीकडच्या किनाऱ्यावर. चारच्या बोटीने जाता येईल, पण तोवर सुजून भोपळा होईल. चला, आत्याकडे नेतो."

धक्क्यावरून एकच रस्ता वर चढतो. बर्फाच्या कारखान्याच्या बाजूला एक अंगण, अंगणात समोरासमोर दोन लांब बाकं, आणि आत लाकडी जाड दाराचं घर. भोंग्याने मला बाकावर बसवलं आणि तो परत गेला, कारण पुढच्या बोटीची वेळ झाली होती.

घरातून दोन बायका आल्या. एक म्हातारी, उंच, पाठीत जराही न वाकलेली. दुसरी तिशीची, हाताने जड कामं करणाऱ्या बाईसारखी भरल्या दंडांची. म्हातारीने मला हात लावलाच नाही. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं वाकड्या आकड्यांसारखी आखडलेली होती. ती फक्त सांगत होती आणि तिशीची बाई करत होती. मला जमिनीवर आडवं केलं, बगलेत टाच रोवली, मनगट धरलं.

"लग्न झालंय?" म्हातारीने विचारलं.

"हो, म्हणजे..."

तेवढ्यात तिशीच्या बाईने ओढलं. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि खांदा खाटकन जागेवर बसला.

"'म्हणजे' म्हणणाऱ्यांचा लवकर बसतो," म्हातारी म्हणाली. "लक्ष दुसरीकडे असतं ना."

ही आत्या. ओढणारी तिची भाची, भोंग्याची मुलगी. भाची तिला आत्या म्हणते म्हणून सगळं गावच आत्या म्हणतं. त्या दुपारी वारा वाढला आणि बोटी बंद झाल्या. माडीवरच्या खोलीत मी पाच दिवस अडकलो. सकाळी पट्टी बदलताना आत्या बोलायची, भाची मध्येच तिचं चुकलेलं दुरुस्त करायची, आणि शेडमध्ये बसून भोंग्याने जे सांगितलं ते जेमतेम दहा वाक्यांचं. ते सगळं जुळवून सांगतो.

आत्याचे वडील मूळचे बोटी बांधणारे सुतार. बोटीच्या फासळ्या बसवता बसवता माणसांच्या बसवायला लागले. लाकूड काय, हाड काय, ओलं असतानाच वळतं, असं ते म्हणत. मोडून दोन आठवडे झाल्यावर कोणी आलं की त्याला ते चक्क हाकलून देत. आई लवकर गेली. मागे आत्या आणि तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी धाकटा भाऊ. आत्यानेच त्याला कडेवर वाढवलं. तो आगाऊ. सहाव्या वर्षी डोलकाठीवरून पडला तेव्हा त्याच्या गळ्याजवळचं हाड आत्याने बसवलं, वडील नुसते शेजारी उभे होते. पुढे त्याचा अंगठा, मग घोटा. "त्याची हाडं माझ्या हातच्या भाकरीसारखी होती," ती म्हणाली, "कुठे जाड, कुठे पातळ, डोळे मिटून सांगितलं असतं."

तिचं लग्न झालं ते जुन्या बोटींवरच्या दोरवाल्याशी. बोट धक्क्याला येताना दोराचा फास खुंट्यावर टाकायचं त्याचं काम. पंधरा हातांवरून टाकायचा, आणि चुकला असं कोणी पाहिलेलं नव्हतं. बुटका, अबोल माणूस. ना कोणाच्या अध्यात, ना मध्यात. घरी आला की ओल्या दोराचा वास यायचा आणि जेवून तो अंगणात बसून दोरांची टोकं विणत राहायचा. त्यांना मूल झालं नाही. भावाची मुलगी अर्धीअधिक त्यांच्याच घरी वाढली. दोरवाला तिला पाठीवर घेऊन धक्क्यावर फिरायचा.

मग पांढऱ्या बोटी आल्या.

तोवर या बंदरातून जाणाऱ्या सगळ्या फेऱ्या जुन्या बोटवाल्यांच्या होत्या, गावातल्याच सात घरांच्या. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या एका मालकाने नव्या, दुप्पट वेगाच्या, पांढऱ्या रंगाच्या बोटी आणल्या आणि वेळही तीच ठेवली. सकाळी दहा, दुपारी चार. धक्क्याला उतरायच्या पायऱ्या एकाच जागी. जी बोट आधी लागेल तिच्यात उतारू चढणार, दुसरीने पाण्यात डोलत बसायचं. पहिल्या महिन्यात शिव्या झाल्या. दुसऱ्या महिन्यात आकड्या बाहेर आल्या.

बोट ढकलायला, ओढायला खलाशांकडे लांब काठी असते, तिच्या टोकाला लोखंडी आकडी. त्या काठ्यांनी माणसं एकमेकांना मारायला लागली. उतारू बाया मुलांना छातीशी धरून पायऱ्यांवर खाली बसायच्या आणि त्यांच्या डोक्यावरून काठ्या चालायच्या. एकाचा जबडा फुटला, त्याचे चार दात पायरीच्या फटीत सापडले. एकाच्या गालात आकडी शिरली आणि ओढल्यावर तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत फाटत आली. दोघे मिठी मारून पाण्यात पडले आणि पाण्यातही एकमेकांची डोकी खाली दाबत राहिले; वर काढले तेव्हा एकाच्या तोंडात दुसऱ्याच्या कानाचा तुकडा होता. पोलीस होता एकच, आणि दहाच्या सुमाराला त्याला बाजारात काहीतरी काम निघायचंच.

मोडलेले सगळे आत्याच्या अंगणात यायचे. तिने नियम केला. काठी बाहेर भिंतीला टेकवायची. जुन्या बोटीवाल्यांनी डाव्या बाकावर बसायचं, पांढऱ्यांनी उजव्या. शिवी देईल त्याचा नंबर शेवटी. एकदा दोन्ही बाकांवर मिळून सात जण होते आणि कोणाच्या तोंडून शब्द निघत नव्हता, कारण सगळ्यांनाच दुखत होतं. एकाने विचारलं, "आत्या, तू कोणाच्या बाजूची?" ती म्हणाली, "मी हाडाच्या बाजूची. हात इकडे कर."

पण घर तिच्या हातात नव्हतं. भावाने एका जुन्या बोटीच्या मालकाला भर धक्क्यावर थोबाडीत मारली होती, तेव्हापासून त्याला जुन्यांकडे काम नव्हतं. पांढऱ्या बोटींनी त्याला बोलावलं. आकडी चालवणारा दांडगा माणूस त्यांना हवाच होता. आत्याच्या घरी जेवताना शब्दाने शब्द वाढला.

"दुसरीकडे कुठे काम नाही का?" आत्याने विचारलं.

"दुसरीकडे म्हणजे कुठे? समुद्र सोडून मला काय येतं?"

दोरवाला ताटात बघत म्हणाला, "उद्या मी दोर टाकेन तेव्हा तू समोर असशील."

"मग टाकू नका, दाजी. जरा थांबा. आमची बोट लागू दे, मग टाका."

"मी कधी थांबलो नाही."

"आता थांबायला शिका."

दोरवाल्याने ताट बाजूला सारलं आणि हात धुतले. त्यानंतर मेहुणे-मेहुणे एका पंगतीला बसले नाहीत.

तो दिवस मंगळवार होता. आकाश स्वच्छ, पण खालून पाणी उसळत होतं. दोन्ही बोटी एकाच वेळी आल्या. जुनी बोट आतल्या बाजूने, पांढरी बाहेरून, मध्ये पायऱ्या. दोरवाला नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकावर, उभा राहिला आणि त्याने फास फेकला. तो बरोबर खुंट्यावर पडला. दोर ताणून तो बोट आत ओढायला लागला. पांढऱ्या बोटीच्या टोकावर भाऊ आकडी घेऊन उभा होता. दोन बोटींमध्ये हातभर अंतर राहिलं होतं. भावाने आकडी वर उचलली आणि खाली आणली. दोरवाल्याच्या हातून दोर सुटला. तोल जाऊन तो धक्क्याच्या आणि बोटीच्या मधल्या फटीत पडला. लगेच पुढची लाट आली आणि पंचवीस टनांची बोट दगडाला टेकली.

उतारूंमधल्या एका बाईने आत्याला नंतर सांगितलं की आवाज काहीच झाला नाही. बोट नेहमीसारखी हळूच लागली.

दोरवाल्याच्या सोबत्यांनी आधी त्याला वर काढला नाही. आधी ते पांढऱ्या बोटीवर चढले. एकाने वल्हं आडवं घातलं. भावाने हात आडवा धरला, तो कोपर आणि मनगटाच्या मध्ये मोडला, दोन्ही हाडं. मग त्याला खाली पाडून लाथा घातल्या. तेवढ्या वेळात लाटेने दोरवाल्याला आणखी दोनदा दगडाशी चिरडलं. ही गोष्ट आत्या अगदी सरळ आवाजात सांगते. "आधी काढला असता तरी वाचला नसता," ती म्हणते. "छाती पहिल्यालाच गेली होती. मी पाहिली ना."

दोरवाल्याला एका दाराच्या फळीवर घालून घरी आणलं. आतल्या खोलीत ठेवलं. आत्याने त्याच्या फासळ्यांवरून हात फिरवला, एकही अख्खी नव्हती. तिने त्याचं तोंड पुसलं, चादर ओढली, आणि हात धुवायला ती बाहेर आली तेव्हा पांढऱ्या बोटीचे दोघे खलाशी तिच्या भावाला धरून अंगणात उभे होते. तो उजव्या बाकावर बसला. त्याच्या ओठातून रक्त गळत होतं आणि हात मधूनच खाली लोंबत होता.

"ताई," तो म्हणाला, "दाजी कसे आहेत?"

"आत झोपलेत," आत्या म्हणाली.

"मी दोरावर मारलं, ताई. दोर तोडायला."

"हात दे."

त्याने डोळे मिटून हात दिला. आयुष्यात चौथ्यांदा तो तिला हाड देत होता, आणि तिला कधी काही विचारायची त्याला गरज पडली नव्हती. तिने दोन्ही हातांच्या बोटांनी मोड चाचपली. कशी जुळते ते तिला लगेच कळलं. मग तिने हात ओढून लांब केला, हाडं समोरासमोर आणली, आणि मनगटाकडचा भाग आत वळवला. तळहात जमिनीकडे. तो ओरडला. ती आणखी वळवत गेली. हाडांची टोकं एकमेकांवर घासत फिरताना तिला बोटांखाली कळत होती. जिथे थांबायला हवं त्याच्या बरंच पुढे जाऊन ती थांबली. लाकडी पट्ट्या लावल्या, घट्ट बांधलं.

"सहा आठवडे हलवायचा नाही," ती म्हणाली.

तो उठून अंगणाच्या फाटकापर्यंत गेला असेल तेवढ्यात शेजारणी आल्या आणि घरात रडारड सुरू झाली. तेव्हा त्याला कळलं. तो फाटकाला धरून खाली बसला आणि तिथेच ओकला. आत्याने दार लावून घेतलं.

चौकशी झाली. जुने म्हणाले खून, पांढरे म्हणाले पाय घसरला. ज्यांनी पाहिलं होतं त्या प्रत्येकाने वेगळंच पाहिलं होतं. शेवटी अपघात असं लिहिलं गेलं. आणि एक माणूस गेल्यावर दोन्हीकडच्या मालकांना शहाणपण सुचलं. जुन्या बोटींनी दहाला लागायचं, पांढऱ्यांनी अकराला. एवढंच करायचं होतं. आधी कोणालाच सुचलं नव्हतं.

सहा आठवड्यांनी आत्याने पट्ट्या सोडल्या.

"वळव," ती म्हणाली.

त्याने प्रयत्न केला. हात जुळला होता, पण तळहात खालीच राहिला. काही केल्या वर होईना. काठी पेलता येईना, दोर ओढता येईना, ओंजळ करता येईना.

"अवघड मोड होती," आत्या म्हणाली.

"तू नसतीस तर हातच गेला असता, ताई," तो म्हणाला.

ही पुढची अकरा वर्षं सांगताना आत्या अडखळते. म्हणजे नवऱ्याचं मरण ती सरळ सांगते, हाताचं सांगते, पण हे सांगताना मध्येच उठून पाणी पिऊन येते. कारण तो दर शनिवारी यायचा. डाव्या हाताने लाकडं फोडून अंगणात रचून जायचा. पावसाळ्याआधी छप्पर बघायचा. त्याला बोटीवर काम उरलं नव्हतं, शेडमध्ये ओरडायचं काम मिळालं होतं, आणि तो लोकांना सांगायचा की माझ्या हातून बहिणीचं कुंकू पुसलं गेलं तरी तिने माझा हात वाचवला. लोक आत्याला देवमाणूस म्हणायला लागले. ती ऐकून घ्यायची. "दर शनिवारी वाटायचं, आज कुऱ्हाड त्याच्या पायावर पडावी," ती म्हणाली. "म्हणजे तरी तो यायचा थांबेल."

मग त्याला खोकला झाला. खोकला हटेना म्हणून तो पलीकडच्या किनाऱ्यावरच्या मोठ्या इस्पितळात गेला. छाती ठीक निघाली. पण तिथल्या डॉक्टरणीने त्याचा हात पाहिला, फोटो काढला, आणि बराच वेळ फोटो दिव्यासमोर धरून उभी राहिली. तिने विचारलं, "हा कोणी बसवला?" तो अभिमानाने म्हणाला, "माझ्या बहिणीने." डॉक्टरीण म्हणाली, "हाडं इतकी छान समोरासमोर आणणाऱ्याला ती इतकी वळलेली दिसली नाहीत असं होणार नाही."

तो चारच्या बोटीने परत आला. फोटो हातात तसाच. आत्या दारात उभी होती, उजवा हात चौकटीवर टेकवलेला. त्याने फोटो उजेडाकडे धरला.

"ती बाई म्हणते हे चुकून होत नाही."

त्याने फोटो तिच्या डोळ्यांजवळ नेला.

"ताई, सांग ना ती खोटं बोलते म्हणून."

"खरं बोलते," आत्या म्हणाली. "मुद्दाम केलं."

त्याने डाव्या हाताने दार धरलं आणि आदळलं. चौकट आणि दार यांच्यामध्ये तिची बोटं होती. तिने हात काढला नाही, की काढता आला नाही, हे तिला आजही सांगता येत नाही. त्याने दार उघडलं आणि पुन्हा आदळलं. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा विचार करून, असं तो स्वतः मला म्हणाला. दुसऱ्या वेळी त्याने पूर्ण अंगाचा भार घातला. मग दार उघडून तो तिच्या अंगावर धावला, तिला भिंतीवर आपटलं, आणि वाकड्या हाताने तिचा गळा धरायला गेला. हात वळेना. मूठ तिच्या हनुवटीवरून घसरत राहिली. तिने त्याच्या पोटात गुडघा घातला. दोघंही जमिनीवर पडली. साठीला आलेली बहीण आणि पन्नाशीचा भाऊ, दोघं धापा टाकत, एकमेकांचे कपडे धरून. तिने त्याच्या कानशिलावर डाव्या हाताने चप्पल हाणली. त्याने तिचे केस ओढले. लहानपणी भांडायची तशी, फक्त आता सोडवायला वडील नव्हते.

आधी दम तिचा संपला. ती भिंतीला टेकून बसली आणि हात वर करून पाहिला. तीन बोटं तीन दिशांना गेली होती, एकाचं हाड कातडीतून बाहेर होतं.

तो उठून दाराकडे निघाला.

"जायचं नाही," ती म्हणाली. "बस इथे. मला एका हाताने जमणार नाही हे."

"मला येत नाही."

"मी सांगते तसं कर. गरम पाणी आण आधी."

त्याने पाणी आणलं. फडकं आणलं. तिने पट्ट्या कुठे आहेत ते सांगितलं. तो तिच्यासमोर बसला. त्याचा डावा हात चांगला, तिचा डावा हात चांगला, एवढ्यावर तीन बोटं बसवायची होती. तिने मनगट गुडघ्यांत धरलं.

"टोक धर आणि सरळ ओढ. हळू नाही. हळू ओढलं की जास्त दुखतं."

त्याने ओढलं. ती ओरडली नाही, पण तिच्या तोंडाला फेस आला. बाहेर आलेलं हाड आत गेलं.

"दुसरं धर," ती म्हणाली. त्याने धरलं. "आता खरं सांग. दोरावर मारलं होतंस?"

त्याने बोट सोडलं नाही.

"हातावर," तो म्हणाला. "त्यांच्या हातावर मारलं होतं. वाटलं, दोर सोडतील. पडतील असं नव्हतं वाटलं."

"ओढ," आत्या म्हणाली.

तिसऱ्या बोटाच्या वेळी तो रडत होता आणि त्याला नीट दिसत नव्हतं. तिन्ही वाकडी बसली. त्याने मुद्दाम केलं नाही, त्याला येतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दहाच्या बोटीने दोघं पलीकडे गेली. आत्या नवरा गेल्यापासून बोटीत बसली नव्हती. अख्ख्या वाटेत ती एकदाच बोलली, "कठड्यापासून लांब बस" एवढंच. इस्पितळात तिने डॉक्टरणीला स्वतः सांगितलं, किती वळवला, कुठून, कशासाठी. डॉक्टरणीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, आता हाताने होणार नाही, हाडं कापावी लागतील. कापली. पट्टी आणि स्क्रू घातले. तिने आत्यालाही विचारलं, तुमच्या बोटांचं काय. आत्या म्हणाली, "आधी त्याचं होऊ दे." त्याचं बरं होईपर्यंत तिची बोटं तशीच जुळून गेली आणि पुन्हा जायचा तिला कंटाळा आला.

या सगळ्याचा खरा मार बसला तो भाचीला. एका बाजूला बाप, ज्याने तिला पाठीवर घेऊन फिरणाऱ्या माणसाला मारलं. दुसऱ्या बाजूला आत्या. ती वर्षभर दोघांशी बोलली नाही. मग एका सकाळी बर्फाच्या कारखान्यातल्या एका माणसाचा पाय लादीखाली सापडला आणि त्याला आत्याच्या अंगणात आणलं. आत्या आखडलेल्या बोटांनी काहीच करू शकत नव्हती, तो माणूस किंचाळत होता. भाची रस्त्यावरून चालली होती. ती आत आली, बाह्या वर केल्या आणि म्हणाली, "काय करू ते सांग." तेव्हापासून ती येते. मी विचारलं, दोघांना माफ केलंस का. ती म्हणाली, "माफबीफ मला काही कळत नाही. या गावात माणसं रोज काहीतरी मोडून घेतात. कोणीतरी जोडायला नको?"

पाचव्या दिवशी वारा पडला. सकाळी दोन्हीकडे जाणारे अडकलेले लोक एकदम धक्क्यावर आले. मी सामान आवरत होतो तेव्हा अंगणातून आरडाओरडा ऐकू आला. एक धिप्पाड उतारू, शर्ट रक्ताने भिजलेला, नाक गालाकडे वळलेलं. रांग मोडून तो पुढे घुसला होता. भोंग्याने मागे व्हा म्हटलं, त्याने भोंग्याला ढकललं, एका म्हातारीलाही ढकललं, आणि मग भोंग्याने मारलं.

"त्या म्हाताऱ्याला मी सोडणार नाही," उतारू रुमालातून म्हणत होता. "पोलिसात देतो त्याला."

"द्या ना," आत्या म्हणाली. "पण नाक सरळ करून जा, नाहीतर पोलीस तुमच्याकडे तिरका बघेल. कुठल्या हाताने मारलं?"

"काय?"

"उजव्या की डाव्या?"

"उजव्या. काय फरक पडतो?"

"समोरून मारलं की खालून वर?"

"खालून," तो वैतागून म्हणाला. "अशी मूठ उलटी करून."

आत्याने वाकून त्याचं नाक पाहिलं. मग तिने मान खाली घातली. हसू लपवायला की काय, मला कळलं नाही. भाचीकडे मात्र तिने मुळीच पाहिलं नाही.

"मूठ चांगली वळली म्हणायची," ती पुटपुटली आणि मग भाचीला म्हणाली, "दोन्ही अंगठे नाकाच्या दोन बाजूंना ठेव. साहेब, तुमचं गाव कोणतं?"

त्याने तोंड उघडलं आणि भाचीने दाबलं.

तो शांत होईपर्यंत फाटकाशी भोंगा येऊन उभा राहिला होता. त्याच्या मुठीवरची कातडी सोलली होती.

"फार लागलं का त्याला?" त्याने विचारलं.

"नाक आहे. जुळेल," आत्या म्हणाली. "तू मूठ धुऊन घे."

त्याने अंगणातल्या नळावर हात धुतला. खाली बोटीच्या शिट्टीचा आवाज झाला तसा तो ओल्या हातानेच उतरणीवरून निघाला, आणि बर्फाच्या कारखान्याच्या पलीकडून त्याचा आवाज आला, दहाची बोट, दहाची बोट, आधी बायकामुलं.